ऐकणाऱ्या बाईचा जीवनपट

ताई, सप्रेम सलाम.

आमच्या सासूबाई गेल्या नोव्हेंबरात प्रभूकडे गेल्या. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणायचो. वय 86. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, आजी शेवगावकडच्या खेड्यांत बायबलबाई. 1959 साली लग्न होऊन नगरला आल्या आणि सगळं आयुष्य याच घरात गेलं. नोकरी कधी केली नाही. पन्नाशीच्या सुमारास चर्चच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांनी त्यांना समुपदेशनाच्या पंधरा दिवसांच्या वर्गाला पाठवलं. तिथून आल्यावर दर गुरुवारी चर्चच्या बाजूच्या खोलीत त्या आणि त्यांच्या मैत्रीण, एक निवृत्त परिचारिका बाई, बसू लागल्या. खरी गर्दी मात्र आमच्या स्वयंपाकघरात. आलेल्या बाईपुढे आई आधी निवडायच्या तांदळाचं सूप सरकवायच्या, मग विचारायच्या, "काय गं?"

पुढच्या महिन्यात स्मरण उपासना आहे. जीवनपट मी लिहायचा आणि एक छोटी पुस्तिका छापायची असं ठरलंय. दीर म्हणतात, "एक पान पुरे. गृहिणी होती, काय लिहिणार?" नणंदेचं म्हणणं, आईच्या डायऱ्यांतून साक्षी काढून छापू, तिने किती संसार वाचवले ते लोकांना कळू दे. डायऱ्या 23 आहेत, विमा एजंट नव्या वर्षाला देतात तसल्या. तारीख, नाव किंवा नावाचं पहिलं अक्षर, प्रार्थनेचा विषय आणि काहींपुढे बरोबरची खूण. नणंदेने तीन-चार वाचल्या, काही पानांचे मोबाइलवर फोटोही काढले. परवा चर्चच्या मंडळीतली एक बाई दारात आली. आत येईना. म्हणाली, "आईंच्या वहीत माझं काही आहे का गं?" मला उत्तर सुचलं नाही.

अजून दोन गोष्टी. 1994 मध्ये आईंनी एका मुलीला समजावून नवऱ्याकडे नांदायला परत पाठवलं होतं. चार महिन्यांत त्याने तिचा हात मोडला. ती आता पुण्यात असते. 2003 साली आई एसटीने तिच्याकडे माफी मागायला गेल्या, सोबत मी होते. मी बाहेर जिन्यात थांबले. येताना आई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर हात धुऊन कणीक मळायला बसल्या. त्यानंतर "परत जा" असं त्यांनी कुणालाही सांगितलेलं मी ऐकलं नाही. एकीबरोबर तर त्या पोलीस चौकीतही गेल्या होत्या. हे लिहू का?

दुसरं माझं. 27 वर्षं मी त्या रडणाऱ्या बायकांसाठी चहा टाकला. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मी स्वतः रात्र रात्र रडायचे. तेव्हा आई दुसऱ्या कुणाच्या तरी घरी बसलेल्या असायच्या. आता मंडळीतल्या बायका म्हणतात, "आता तूच आमची आई." माझ्या पोटात गोळा येतो.

एक सून, अहिल्यानगर

*

प्रिय बहीण, सलाम.

तुमचं पत्र वाचून मी आधी उठले आणि घरात एक फेरी मारून आले. लगेच लिहायला बसले असते तर उपदेशच केला असता, आणि ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय त्या बाईंना तो आवडला नसता असं वाटतं.

डायऱ्यांपासून सुरुवात करू, कारण ते काम आजचं आहे. जीवनपटाला महिना आहे.

त्या 23 डायऱ्या पुस्तिकेत जाऊ नयेत. एकही पान नाही, नाव झाकून नाही, गाव बदलूनही नाही. आपल्या मंडळ्या लहान असतात. "एका बहिणीचा नवरा दारू सोडत नव्हता" एवढं वाक्य वाचलं की तिसऱ्या बाकावरची माणसं पाचव्या बाकाकडे वळून बघतात. मी हे पाहिलेलं आहे. माझ्या माहेरच्या गावी अशाच एका स्मरण उपासनेत कुणीतरी प्रेमाने, अगदी गहिवरून, गेलेल्या बाईंनी एका घरातलं मोठं संकट कसं दूर केलं ते सांगितलं. नाव घेतलं नव्हतं. ते कुटुंब पुढच्या रविवारपासून चर्चला आलं नाही, आणि आजतागायत आलेलं नाही. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हे मला आजही जास्त छळतं.

तुमच्या नणंदबाईंच्या मनातही वाईट नाही. आईचं काम कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही ही त्यांची खंत आहे, आणि ती खरी आहे. त्यांना हे असं सांगून बघा: डायऱ्या आईच्या आहेत, पण त्यांत जे लिहिलंय ते आईचं नाही. ते लोकांनी तिच्याकडे ठेवायला दिलेलं आहे. शेजारणीने गावाला जाताना आपल्याकडे दागिन्यांचा डबा ठेवला आणि आपल्या घरात कुणी वारलं, तर तो डबा वाटणीत येत नाही. डॉक्टरांकडच्या मानसिक उपचारांतली गोपनीयता आता कायद्यानेही रुग्णाचा हक्क आहे, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तसं कलमच आहे. स्वयंपाकघरात बसून ऐकणाऱ्या बाईला तो कायदा लागू होतो की नाही हा प्रश्न वकिलांचा. पण आलेल्या बायका ज्या भरवशावर बोलल्या तो भरवसा तोच होता, आणि आई गेल्या म्हणून तो संपला असं कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

तेव्हा आज संध्याकाळी डायऱ्या एका कापडात बांधून कुलपाच्या कपाटात ठेवा. मोबाइलमधले फोटो नणंदबाईंनी स्वतःच्या हाताने काढून टाकावेत. तुम्ही समोर बसा, पण फोन हातात घेऊ नका. फोटो कुणाला पाठवले असतील तर तिथूनही काढायला सांगायचं. आणि दारात उभी राहिलेली ती बाई, तिच्याकडे तुम्ही जा. तिला परत तुमच्या दारात यायला लावू नका.

तिथे काय बोलायचं हे अवघड आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. "कुणीही काही वाचलेलं नाही" असं सांगू नका, कारण ते खोटं आहे. जाण्याआधी नणंदबाईंना एवढंच विचारा, की वाचलेल्या पानांत या बाईंचं काही होतं का. नसेल तर तसं सांगता येईल. असेल तर तेही सांगावं लागेल: "घरातल्या एका माणसाच्या नजरेला पडलं, ती चूक झाली, माफ करा. आता वह्या बंद आहेत आणि त्यांतलं काही छापलं जाणार नाही." तिला राग येईल. येऊ द्या. खोट्या दिलाशाने ती आज घरी शांत जाईल, पण नंतर खरं कळलं तर आईंवरचा विश्वाससुद्धा जाईल, आणि ती आईंची चूक नसेल.

पुढे त्या वह्यांचं काय करायचं? घाई नको. दुःखाच्या पहिल्या महिन्यांत माणसं एक तर सगळं जाळतात, नाही तर सगळं जपतात. माझं मत विचाराल तर लोकांची पानं शेवटी नष्ट करावीत. घरच्यांनी एकत्र बसून, प्रार्थना करून, पण नष्टच. मात्र त्या डायऱ्यांत आईंचं स्वतःचंही काही असणार: वचनावरचं टिपण, तेला-साखरेचा हिशेब, नातवाच्या तापाची तारीख. ते जाऊ नये. वेगळं कुणी काढायचं? तुम्ही नाही, तुम्हाला याच मंडळीत उरलेलं आयुष्य काढायचंय. पाळकसाहेबही नाहीत, त्यांनी कितीही आपुलकीने विचारलं तरी. तुमच्या पत्रातच उत्तर आहे: गुरुवारी त्यांच्याबरोबर बसणाऱ्या परिचारिका बाई. त्यांतलं बरंचसं त्यांनी त्या खोलीत ऐकलेलंच आहे, आणि इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलंय. त्यांची तब्येत आणि नजर ठीक असेल तर एवढं काम त्यांच्याकडे द्या.

आता जीवनपट.

आपल्याकडे जीवनपट कसा लिहितात ते तुम्हाला माहीत आहे. जन्म अमुक साली, बाप्तिस्मा, दृढीकरण, शिक्षण, विवाह, दोन मुलं, एक मुलगी, जावई, सुना, नातवंडं, स्वभाव मनमिळाऊ व प्रार्थनाशील, अल्प आजाराने प्रभूने आपल्याजवळ बोलावून घेतले. अशा कागदात बाई मावत नाही, आणि गृहिणी तर मुळीच मावत नाही, कारण तो साचा नोकरी, बढती, निवृत्ती असणाऱ्या माणसासाठी बनलेला आहे. तिच्या आयुष्यात 1959 नंतर लिहिण्यासारखी तारीखच सापडत नाही. मग दीर म्हणतात एक पान पुरे. त्यांना तारखाच दिसतात, म्हणून ते तसं म्हणतात.

त्यांच्यासाठी एक आकडा. 2019 साली सरकारने देशभर पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशात जातो याची. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी 299 मिनिटं निघाली. जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97. म्हणजे बाईचे रोज पाच तास. साठ वर्षं धरली तर लाखाच्या वर तास होतात. तुमच्या आईंनी ऐकलं ते याच तासांत. चर्चमधला गुरुवार दोन तासांचा असेल, बाकी सगळं कणीक भिजेपर्यंत, डाळ शिजेपर्यंत. गृहिणीपण एकीकडे आणि समुपदेशन दुसरीकडे असे दोन भाग करून लिहू नका, त्यांचे ते दोन भाग नव्हतेच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. आलेल्या बाईपुढे त्या आधी तांदळाचं सूप सरकवायच्या. पंधरा दिवसांच्या वर्गात हे शिकवलं नसणार. ज्या बाईला सांगायला लाज वाटते तिला समोर बसवून डोळ्यांत बघत विचारलं तर ती "काही नाही, सहज आले होते" म्हणून उठते. हाताला काम दिलं की नजर खाली राहते. खडा निवडता निवडता बोलता येतं, मध्येच गप्प होता येतं, आणि ती गप्प बसणं ओशाळवाणं वाटत नाही कारण दोघीही काम करत असतात. डोळ्यांत पाणी आलं तर सूप पाखडायला तोंड फिरवता येतं. तुमच्या आई हे रोज करत होत्या आणि तुम्ही ते मोरीपाशी भांडी विसळताना पाहिलंय. नणंदबाईंकडे डायऱ्या आहेत, पण त्यांत हे नाही. हे तुमच्याकडे आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: त्यांनी काय ऐकलं ते लिहू नका, त्या कशा ऐकायच्या ते लिहा. तेवढ्याने पुस्तिका भरेल.

कशा म्हणजे खरोखर कशा. कुठे बसायच्या? पाटावर, स्टुलावर, की गुडघे दुखायला लागल्यावर ओट्याला टेकून उभ्या राहायच्या? आधी विचारायच्या की वाट बघायच्या? प्रार्थना आधी की शेवटी, मोठ्याने की मनात? बाई गेल्यावर त्या काय करायच्या, लगेच दुसऱ्या कामाला लागायच्या की थोडा वेळ तशाच बसून राहायच्या? घरात त्यांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं का? तुमच्या यजमानांना विचारा, जेवताना आईने कधी कुणाचं नाव घेतलं का. उत्तर "कधीच नाही" असं आलं तर ते तसंच छापा. इतक्या वर्षांत एक नाव घरात घेतलं नाही, हे त्या 23 डायऱ्यांतल्या कुठल्याही साक्षीपेक्षा मोठं आहे.

बायबलमधल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. आपण त्यांना नावं ठेवतो, आणि बरोबरच आहे, पण दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले तिथून बिघडलं. समुपदेशनाचा वर्ग पंधरा दिवसांचा असो की दोन वर्षांचा, बहुतेकांना तो सातवा दिवस गाठता येत नाही. सल्ला देण्याची खाज असते. मी हे सदर लिहिते, मला ती चांगली माहीत आहे.

लोकांच्या साक्षी नकोत असं मी म्हणत नाही. त्या त्यांनी स्वतः द्याव्यात. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा आहे, जिला दुर्कस म्हणत. ती वारली तेव्हा प्रेषित पेत्र लोदहून आला. माडीवरच्या खोलीत सगळ्या विधवा रडत उभ्या होत्या आणि दुर्कसने त्यांच्यासाठी केलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवत होत्या. तिचा जन्म कुठला, लग्न झालं होतं का, मुलं होती का, काहीच लिहिलेलं नाही. जीवनपट म्हणून कपडे दाखवले. पण बघा, ज्यांच्यासाठी केले त्यांनीच दाखवले. दुसऱ्या कुणी जाऊन त्यांच्या घरातून कपडे काढून आणले नाहीत.

तुमच्याकडे असं करता येईल. स्मरण उपासनेच्या आधीच्या दोन रविवारी चर्चच्या दाराशी एक डबा ठेवा आणि कोऱ्या चिठ्ठ्या. ज्याला वाटेल त्याने आईंबद्दल दोन ओळी लिहाव्यात, नाव घालायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. कुणाचं नाव पुकारून "तुम्ही बोला ना, तुम्हाला आईंनी किती मदत केली" असं उपासनेत म्हणू नका. पाळकसाहेबांनाही हे आधी सांगून ठेवा, ते उत्साहाच्या भरात करतील. हा डबा नणंदबाईंकडे सोपवा. त्यांना साक्षी हव्या होत्या, त्या अशा येऊ द्या.

तारखांचं काम दिरांना द्या. चर्चच्या नोंदवहीत आईंचा बाप्तिस्मा, विवाह, सगळं असेल. ख्रिस्ती विवाह 1872 च्या कायद्याने नोंदले जातात, त्यामुळे लग्नाची नोंद हमखास सापडावी. शिवाय आईंच्या माहेरच्या मंडळीत जाऊन त्यांच्या आजीबद्दल काही मिळतं का ते पाहावं. तुम्ही एका शब्दात लिहून पुढे गेलात, बायबलबाई, पण मला तिथे थांबावंसं वाटलं. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं. पुढे या मिशनांच्या कामात ज्या बायका गावोगाव पायी फिरल्या, शास्त्र वाचून दाखवलं, अक्षरं शिकवली, आजारी लेकरांजवळ बसल्या, त्यांची आठवण फार थोडी उरली. अहवालांत पाळकांची नावं असत, या बायका पुष्कळदा संख्येत मोजल्या जात. ज्या घरात पुरुष पाळकाला ओसरीपर्यंत यायला मिळे तिथे ही बाई चुलीपर्यंत जाई, आणि चुलीपाशी बायका बोलत. तुमच्या आईंचं स्वयंपाकघर आलं कुठून, याचं उत्तर कदाचित त्या आजीत आहे. तिचं नाव मिळालं तर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय चर्चमध्ये फारसा वाचला जात नाही, नावांची यादी म्हणून. पौल आधी फिबीची शिफारस करतो, मग सलाम सांगतो: प्रिस्का, मरीया. मग तेराव्या वचनात रूफ, आणि "त्याच्या व माझ्याही आईला". त्या बाईचं नावसुद्धा नाही. तिने पौलासाठी काय केलं, जेवायला घातलं, तापात उशाशी बसली, की त्याच्या मनातलं ऐकून घेतलं, काही कळत नाही. "माझ्याही" हा एक शब्द तेवढा आहे. अशा शेकडो माणसांच्या "माझ्याही आई" असलेल्या बाईच्या घरात तुम्ही सून म्हणून आलात.

आणि तिथेच तुमचं दुखणं आहे.

मी तुम्हाला असं सांगणार नाही की तुम्ही चहा केलात म्हणजे तुम्हीही सेवाच केलीत, प्रभू फळ देईल. हे तुम्हाला आतापर्यंत दहा जणांनी सांगितलं असेल आणि प्रत्येक वेळी तुम्ही "हो ना" म्हणून कप उचलायला गेला असाल. बाळंतपणानंतर रात्र रात्र रडणं हे नुसतं हळवेपण नसतं. अनेक बायकांना त्या काळात खरं नैराश्य येतं, त्यावर उपचार आहेत, आणि ते ओळखणाऱ्या माणसाची तेव्हा गरज असते. तुमच्या घरात गावभरच्या बायकांचं मन ओळखणारी बाई होती आणि तिला पलीकडच्या खोलीतलं रडणं ऐकू आलं नाही. हे दुखलं, आणि दुखणारच होतं. बाहेरच्यांचं ऐकणाऱ्या माणसांच्या घरात हे पुष्कळदा घडतं. दिवसभर ऐकून कान भरलेले असतात, आणि घरातलं माणूस "आपलंच आहे, सांभाळून घेईल" या हिशेबात राहतं. त्यांनी का केलं ते यावरून थोडं कळेल. झालं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

हे पुस्तिकेत जायला हवं असं नाही. पण कुठेतरी जायला हवं. वेगळ्या वहीत आईंना पत्र लिहा, रागाने लिहा, ते कुणाला दाखवू नका. आणि तुमच्या यजमानांना एकदा बसवून सांगा. 27 वर्षं त्यांनीही तो चहा प्यायलाय. पुस्तिकेत मात्र एक वाक्य खरं असावं. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणी लिहिल्या त्यात रेव्हरंड टिळकांचं मोठेपण आहेच, पण घरात चणचण असताना त्यांनी पैसे दुसऱ्याला देऊन टाकल्यावर झालेली भांडणंही आहेत. म्हणून ते दोघंही शंभर वर्षांनी आपल्याला जिवंत माणसं वाटतात. तुम्ही एवढंच लिहू शकता: "आईंचा वेळ आम्हा घरच्यांना कमी मिळाला, आणि आम्हाला तो हवा होता." यात तक्रार आहे आणि प्रेमही आहे, दोन्ही राहू द्या.

1994 चं. लिहा, पण आधी परवानगी घ्या, कारण तो मोडलेला हात आईंचा नव्हता. त्या काळी "नांदायला जा" हे सगळेच सांगत. आईबाप सांगत, पाळक सांगत, मंडळीतले वडील सांगत, आणि वर क्षमेचं वचन काढून दाखवत. क्षमा करायची ती मार खाणाऱ्या बाईनेच, असा त्याचा अर्थ लावला जाई. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा 2005 चा. तो येण्याआधीच, 2003 साली, तुमच्या आई आपला सल्ला चुकला हे कबूल करायला एसटीत बसल्या. समुपदेशन करणाऱ्या माणसाने आपली चूक झालेल्या घरी स्वतः जाऊन उभं राहणं मी फार कमी पाहिलंय, आणि त्यानंतर आपली रीत बदलणं त्याहून कमी. आजही मंडळीत कुणी मार खाणाऱ्या बाईला प्रार्थना करून परत पाठवत असेल, तर त्याला हे वाचायला मिळायला हवं. पुस्तिकेत त्याखाली एका ओळीत महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर छापा. आईंच्या पुस्तिकेत तो शोभेल.

त्या पुण्याच्या बाई नको म्हणाल्या तर ती घटना येणार नाही, फक्त बदल येईल: "आधी आई परत जायला सांगत. पुढे त्यांनी ते सोडलं, आणि वेळ आली तेव्हा पोलीस चौकीतही सोबत गेल्या."

"आता तूच आमची आई" याचं उत्तर तुम्हाला हवंय, ते मागितलं नसलंत तरी. नाही म्हणा. वारशाने घर मिळतं, भांडी मिळतात, हे काम मिळत नाही. ते ज्याचं त्याने घ्यायचं असतं, आणि घेतलं नाही तर त्यात पाप नाही. दारात कुणी आलं तर चहा द्यावासा वाटला तर द्या, आणि सांगा, "मला आईंसारखं जमत नाही, गुरुवारी बाई बसतात, त्यांना भेटा." मंडळीने हे काम एकाच घरावर टाकलं होतं. पाळकसाहेबांना सांगा, दोघी-चौघींना प्रशिक्षणाला पाठवा, चर्चची खोली गुरुवारशिवाय आणखी एक दिवस उघडी ठेवा.

सुरुवात अडली असेल तर मी तुमच्या पत्रातूनच उचलून देते. पाटाच्या जागी खरं जे होतं ते घाला:

"आमच्या स्वयंपाकघरात दोन पाट होते. एक आईंचा आणि एक येणाऱ्याचा. बाई आली की आई तांदळाचं सूप तिच्यापुढे सरकवत आणि विचारत, 'काय गं?' मी मोरीपाशी असे. पुढचं मला ऐकू येत नसे, कारण मी नळ सोडत असे. नळ सोडायला मला आईंनीच सांगितलं होतं."

शेवटचं वाक्य मी कल्पनेने घातलंय. खरं नसेल तर काढा. पण मला उगाच वाटतं, तसं काहीतरी असेल. आठवून बघा.

आणि पुण्याला फोन करू नका. परवानगी मागायची आहे आणि उपासनेचं आमंत्रणही द्यायचं आहे, तर स्वतः जा. त्या येतीलच असं नाही. नगरहून सकाळची एसटी धरा, घर तुम्हाला माहीत आहे. या वेळी जिन्यात थांबू नका.

तुमची,
ताई